एक खाते, अनेक संकेतस्थळे : सामायिक वेब होस्टिंगचा इतिहास आणि जालना जिल्हा

गोषवारा :

एकाच वेब होस्टिंग खात्यावर अनेक डोमेन नावे आणि त्यांची स्वतंत्र संकेतस्थळे चालविण्याची पद्धत आज सर्वपरिचित आहे. या पद्धतीला तांत्रिक, आर्थिक व प्रशासकीय असा इतिहास आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यातील शासकीय कार्यालये, महाविद्यालये व उद्योग यांना इंटरनेटवर स्थान मिळण्यास ही पद्धत मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. परंतु तिच्यामुळे अनेक संस्थांचे दस्तऐवज एकाच खात्याच्या भवितव्याशी जोडले गेले. प्रस्तुत निबंधात या दोन्ही बाजूंचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : डोमेन नाव, सामायिक होस्टिंग, एनआयसी, जालना जिल्हा, डिजिटल दस्तऐवज.

प्रस्तावना :

१ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती झाली. तत्पूर्वी या प्रदेशाचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर परतूरचा भाग परभणी जिल्ह्यातून आला. आज जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, जाफ्राबाद, परतूर व मंठा असे आठ तालुके जिल्ह्यात आहेत. जिल्हा नवा असल्यामुळे त्याचा जुना इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकास दुसऱ्या नावाखाली शोध घ्यावा लागतो. निजामाच्या राज्यातील जालन्याची व तेथील लष्करी छावणीची माहिती १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औरंगाबादच्या गॅझेटिअरमध्ये पाहावी लागते. माहिती शिल्लक असते, परंतु ती कोणत्या नावाखाली व कोणाच्या कपाटात आहे हे ठाऊक असावे लागते.

इंटरनेटच्या काळात हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला आहे. जिल्हा प्रशासनाच्या अधिसूचना, महाविद्यालयांचे वार्षिक गुणवत्ता अहवाल, संशोधन पत्रिकांचे अंक ही सामग्री संकेतस्थळांवर आली. या संकेतस्थळांचे नाव एकाकडे, जागा दुसऱ्याकडे आणि मजकूर तिसऱ्याकडे अशी विभागणी झाली. ही विभागणी कशी घडली हे समजून घेतल्याशिवाय या सामग्रीच्या जतनाचा विचार करता येत नाही.

उद्दिष्टे :

१. एका संगणकावर अनेक डोमेन नावे चालविण्याच्या पद्धतीचा विकास अभ्यासणे.
२. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, डोमेन व होस्टिंग व्यवस्थेचा आढावा घेणे.
३. जालना जिल्ह्याच्या संदर्भात शासकीय व शैक्षणिक संकेतस्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वरूप व त्यातील धोके स्पष्ट करणे.

नाव आणि जागा यांची फारकत :

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकास अंकांचा पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता असे म्हणतात. प्रारंभी संगणकांची नावे व त्यांचे अंकी पत्ते यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे. संगणकांची संख्या वाढली तशी ही यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाव प्रणालीची मांडणी केली. या प्रणालीमुळे नाव व जागा या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. जागा बदलली तरी नाव कायम ठेवता येऊ लागले आणि एकाच जागेस अनेक नावे देता येऊ लागली.

मात्र अनेक नावांना अनेक संकेतस्थळे देणे तेवढ्याने शक्य झाले नाही. वेब ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना प्रारंभीच्या काळात केवळ पानाचे नाव सांगत असे. कोणत्या संकेतस्थळाचे पान हवे आहे हे सांगत नसे. एखाद्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत आणि आलेल्या पत्रावर वाड्याचा क्रमांक असावा, पण बिऱ्हाडकरूचे नाव नसावे, तशी ही स्थिती होती. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र आयपी पत्ता घ्यावा लागे.

जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकाने प्रत्येक मागणीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठविणे बंधनकारक केले. ‘होस्ट’ या शीर्षकाची ही एक ओळ सामायिक होस्टिंगचा पाया ठरली. १९९५ मध्ये पुढे आलेल्या अपाची या मुक्त सर्व्हर प्रणालीत आभासी यजमानाची, म्हणजे व्हर्च्युअल होस्टची, सोय होती. तिच्या साहाय्याने एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे ठेवता येऊ लागली. आयपी पत्त्यांची बचत हा यामागील महत्त्वाचा हेतू होता. तो दूरदृष्टीचा ठरला, कारण सुमारे ४२९ कोटी पत्ते देऊ शकणाऱ्या जुन्या प्रणालीतील मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

सुरक्षित जोडणीच्या बाबतीत हीच अडचण अधिक काळ टिकली. जोडणी कूटबद्ध करण्यासाठी सर्व्हरला आधी प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि त्या क्षणी संकेतस्थळाचे नाव त्यास ठाऊक नसते. २००३ मधील एका मानकाने त्यावर उपाय सुचविला. परंतु विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला तो समजत नसल्यामुळे त्याचा प्रसार लांबला. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीला मिळणारे साहाय्य बंद झाले. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची निःशुल्क प्रमाणपत्रे सर्वांना मिळू लागली आणि एका खात्यावरील प्रत्येक डोमेनला स्वतंत्र प्रमाणपत्र देणे सुलभ झाले.

नियंत्रण फलक आणि पुनर्विक्रेता :

तंत्र उपलब्ध झाले तरी ते सामान्य वापरकर्त्याच्या हाती येण्यासाठी सोपे साधन आवश्यक होते. १९९६ मध्ये आलेल्या सीपॅनेल या नियंत्रण फलकाने ही गरज भागविली. या फलकातील तीन संज्ञा अभ्यासकाने लक्षात घेण्याजोग्या आहेत. अ‍ॅडऑन डोमेन म्हणजे त्याच खात्यात स्वतंत्र फोल्डर मिळालेले दुसरे संकेतस्थळ. पार्क्ड डोमेन म्हणजे मूळ संकेतस्थळाचेच दुसरे नाव. सबडोमेन म्हणजे मूळ नावाच्या पुढे शब्द जोडून केलेला उपविभाग. महाविद्यालयाचे मुख्य संकेतस्थळ, त्याची संशोधन पत्रिका, माजी विद्यार्थी संघ व ग्रंथालयाची सूची या चार गोष्टी एकाच वार्षिक शुल्कात चालविणे या सोयीमुळे शक्य झाले.

या साधनाबरोबर पुनर्विक्रेत्यांची साखळी निर्माण झाली. मुंबईत १९९८ मध्ये भाविन व दिव्यांक तुराखिया या बंधूंनी स्थापन केलेल्या डायरेक्टी या कंपनीने रिसेलरक्लबसारख्या सेवेतून डोमेन व होस्टिंग घाऊक स्वरूपात देण्यास प्रारंभ केला. लहान शहरातील संगणक व्यावसायिक ही सेवा घेऊन स्वतःच्या नावाने स्थानिक संस्थांना विकू शकत होता. सर्व्हर दूरच्या शहरात वा परदेशात, नोंदणी संस्था मुंबईत, विक्रेता जिल्ह्याच्या ठिकाणी आणि ग्राहक संस्था त्याच गावात, अशी ही रचना होती.

जालन्यासारख्या ठिकाणी याला व्यावहारिक पर्यायही नव्हता. सर्व्हरला अखंड वीज व अखंड जोडणी लागते. २००० च्या दशकात मराठवाड्यात भारनियमन नित्याचे होते आणि बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा देशात २००५ मध्ये सुरू झाली. अशा परिस्थितीत संस्थेच्या आवारात सर्व्हर ठेवण्यापेक्षा दूरच्या सर्व्हरवरील थोडी जागा भाड्याने घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. बियाणे व पोलाद या दोन उद्योगांमुळे जालन्याचा व्यापारी संबंध देशभर होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिकोमुळे बियाणे क्षेत्रात शहराला ओळख मिळाली. अशा व्यापारी नगराला दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी संकेतस्थळ हे स्वस्त माध्यम होते.

भारतातील डोमेन व्यवस्था :

‘.इन’ हे भारताचे उच्चस्तरीय डोमेन ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले. प्रारंभी त्याचे व्यवस्थापन मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होते. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. नोंदणीचे नियम कडक होते. त्यामुळे १९९२ ते २००४ या काळात केवळ सुमारे ७,००० नावे नोंदली गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केल्यानंतरही बहुसंख्य भारतीय संस्थांनी ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’ वा ‘.नेट’ ही नावे घेतली, त्याचे एक कारण येथे आहे. २००३ मध्ये निक्सी या संस्थेची स्थापना झाली आणि २००५ च्या प्रारंभी ‘.इन’ची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. मार्च २०१० पर्यंत नोंदलेल्या नावांची संख्या सहा लाखांच्या पुढे गेली.

शासकीय नावे एनआयसीकडे आणि शैक्षणिक ‘एसी डॉट इन’ व ‘ईडीयू डॉट इन’ ही नावे अर्नेटकडे राहिली. ज्या संस्थांनी आधी सर्वसाधारण नाव घेतले होते त्यांनी कालांतराने शैक्षणिक नाव घेतले. जालन्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे संकेतस्थळही ‘बामु डॉट नेट’वरून ‘बामु डॉट एसी डॉट इन’वर आले. अशा स्थित्यंतरात जुने नाव पार्क्ड डोमेन म्हणून काही वर्षे जिवंत ठेवणे आवश्यक असते. अन्यथा जुन्या शोधनिबंधांतील संदर्भ निरुपयोगी ठरतात.

मराठीच्या दृष्टीने २७ ऑगस्ट २०१४ हा दिवस महत्त्वाचा आहे. या दिवशी देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे डोमेन खुले झाले. डोमेन प्रणाली मूलतः रोमन अक्षरांवर चालत असल्यामुळे देवनागरी नावाचे पनीकोड या पद्धतीने रोमन रूपांतर होते व सर्व्हर तेच रूप ओळखतो. म्हणून एखाद्या संस्थेने मराठी नाव घेतले, तर त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. जुन्याच खात्यावर ते दुसरे नाव म्हणून जोडता येते. एका खात्यावर अनेक नावे ठेवण्याच्या सोयीचा हा एक भाषिक लाभ होय.

शासकीय प्रतिमान : जालना जिल्ह्याचे संकेतस्थळ :

एका व्यवस्थेखाली अनेक संकेतस्थळे चालविण्याचे सर्वांत मोठे उदाहरण शासनाचे आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजेच एनआयसीने, १९८० च्या दशकात उपग्रहाधारित निकनेटद्वारे जिल्हा मुख्यालये जोडण्याचे कार्य हाती घेतले. जिल्हा प्रशासनाच्या आश्रयाने एनआयसीची जिल्हा केंद्रे उभी राहिली. संकेतस्थळांचा काळ आला तेव्हा जिल्ह्यांना एनआयसीच्या नावाखालील सबडोमेन मिळाले. जालन्याचा पत्ता ‘जालना डॉट एनआयसी डॉट इन’ असा होता. ही सर्व संकेतस्थळे एका मूळ नावाच्या शाखा होत्या.

२००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनआयसीने एस३वास ही सामायिक प्रणाली आणली. ‘सुरक्षित, विस्तारक्षम व सुगम्य संकेतस्थळ सेवा’ असा तिच्या नावाचा आशय आहे. या प्रणालीत जिल्ह्यांची संकेतस्थळे एकाच साच्यात तयार होतात. जालना जिल्ह्याचे संकेतस्थळ या साच्यात ‘जालना डॉट गव्ह डॉट इन’ या नावाने आले. नाव प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र असले, तरी अधिसूचना व छायाचित्रे यांच्या फाइली एस३वासच्या सामायिक साठ्यातून दिल्या जात. संकेतस्थळाच्या तळाशी मजकुराची मालकी जिल्हा प्रशासनाची आणि विकास व होस्टिंग एनआयसीचे, असे नमूद असे. मालकी आणि जागा यांची ही स्पष्ट विभागणी शासकीय प्रतिमानाचे वैशिष्ट्य होय.

या प्रतिमानाचे लाभ उघड आहेत. सुरक्षेची दुरुस्ती एकदा केली की ती सर्व जिल्ह्यांना लागू होते. दृष्टिबाधितांसाठीच्या सोयी सर्वत्र सारख्या मिळतात. परंतु त्याची किंमतही आहे. मध्यवर्ती प्रणालीत अडथळा आला तर अनेक जिल्हे एकाच वेळी बाधित होतात. तसेच पत्ता बदलला की जुने दुवे तुटतात. समृद्धी महामार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. अशा प्रकल्पांच्या भूसंपादनाच्या सूचना भविष्यातील अभ्यासकासाठी मोलाच्या आहेत. त्या कोणत्या पत्त्यावर होत्या व पत्ता बदलल्यानंतर कोठे गेल्या, याची नोंद न राहिल्यास त्या असून नसल्यासारख्या होतात. २०२३ मध्ये शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतर झाले की संकेतस्थळाच्या नावाचाही प्रश्न उपस्थित होतो आणि जुन्या नावावरून नव्या नावाकडे कायमचे पुनर्निर्देशन ठेवणे ही अभिलेखागाराइतकीच महत्त्वाची जबाबदारी ठरते.

महाविद्यालयांसमोरील प्रश्न :

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. नॅकच्या प्रक्रियेत वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित झाले. २०१७ मध्ये सुधारित मूल्यांकन पद्धती आल्यानंतर पुराव्यादाखल संकेतस्थळावरील दुवे देण्याचे प्रमाण वाढले. त्यामुळे एकेकाळी परिचयपत्रकासारखे असलेले संकेतस्थळ महाविद्यालयाचे दप्तर झाले.

हे दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मात्र मागे राहिला. पुनर्विक्रेत्याच्या पद्धतीत पुष्कळदा एकाच व्यावसायिकाच्या खात्यावर अनेक संस्थांची संकेतस्थळे अ‍ॅडऑन डोमेन म्हणून ठेवली जातात. यातून तीन प्रकारचे धोके संभवतात.

पहिला धोका सुरक्षेचा. एका खात्यातील सर्व अ‍ॅडऑन डोमेनच्या फाइली एकाच वापरकर्त्याच्या नावे असतात. त्यातील एका संकेतस्थळाची प्रणाली जुनी राहून तीत घुसखोरी झाली, तर त्याच खात्यातील इतर संकेतस्थळेही बाधित होऊ शकतात. दोष एकाचा आणि नुकसान सर्वांचे, असे त्याचे स्वरूप असते. प्रत्येक संस्थेस स्वतंत्र खाते दिल्यास हा धोका बराच कमी होतो.

दुसरा धोका मालकीचा. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावे नसून विक्रेत्याच्या नावे असेल, तर व्यवसाय बंद पडल्यास किंवा वाद झाल्यास संस्थेस स्वतःच्याच नावावर हक्क सांगणे अवघड जाते. मोठ्या नोंदणी संस्थाही याला अपवाद नाहीत. २०२१ मध्ये आयकॅनने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडलेल्या नेट४इंडियाची मान्यता रद्द केली व तिच्याकडील नावे दुसऱ्या नोंदणी संस्थेकडे सोपविली. तत्पूर्वीच्या काळात तिच्या अनेक ग्राहकांना नूतनीकरणासाठी झगडावे लागले होते.

तिसरा धोका खर्चाच्या बदलत्या गणिताचा. २०१९ मध्ये सीपॅनेलने आपले शुल्क खात्यांच्या संख्येशी जोडले. खाते वाढले की खर्च वाढणार असल्याने स्वतंत्र खात्यांऐवजी एकाच खात्यात अनेक डोमेन ठेवण्याकडे विक्रेत्याचा कल होणे स्वाभाविक होते. सुरक्षेची गरज एका दिशेला आणि आर्थिक ओढ दुसऱ्या दिशेला, असा हा विरोध आहे.

संशोधन पत्रिकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गंभीर आहे. पत्रिकेच्या डोमेनची मुदत संपून ते नाव परक्या व्यक्तीने घेतले, तर त्या नावाने बनावट अंक काढता येतात. यूजीसी-केअर यादीच्या काळात, म्हणजे २०१९ ते २०२५ दरम्यान, मूळ पत्रिकेची हुबेहूब नक्कल करणाऱ्या संकेतस्थळांविषयी प्राध्यापकांना सावध करावे लागले होते. अशा ठिकाणी शोधनिबंध देणाऱ्या प्राध्यापकाचे श्रम, पैसा व पदोन्नतीसाठीचे गुण हे सर्व पणाला लागते.

संकेतस्थळे कायमस्वरूपी नष्ट होतात याचा पुरावा इतिहासात आहे. जिओसिटीज ही कोट्यवधी पाने असलेली निःशुल्क सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. तिच्यातील जो भाग वाचला तो इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी व स्वयंसेवकांनी प्रती काढल्यामुळे. छापील अंकाच्या शंभर प्रती शंभर ठिकाणी असतात. संकेतस्थळाची प्रत मात्र पुष्कळदा एकाच खात्यात असते.

निष्कर्ष :

१. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकामुळे एका आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे ठेवणे व्यवहार्य झाले. नियंत्रण फलक व पुनर्विक्रेता पद्धतीने ही सोय लहान शहरांपर्यंत पोहोचविली.

२. वीज व जोडणीच्या मर्यादा असलेल्या जालन्यासारख्या जिल्ह्यास सामायिक होस्टिंग ही गरजेतून स्वीकारावी लागलेली, परंतु उपकारक व्यवस्था ठरली.

३. शासकीय प्रतिमानात मजकुराची मालकी व होस्टिंगची जबाबदारी लेखी स्वरूपात वेगळी केली गेली. खाजगी पुनर्विक्रेता पद्धतीत ती पुष्कळदा अस्पष्ट राहते.

४. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावे व संस्थेच्या अधिकृत ई-मेलवर असणे, नूतनीकरणाची तारीख कार्यालयीन नोंदवहीत असणे, मुख्य संकेतस्थळ व पत्रिका यांची खाती स्वतंत्र असणे, जुन्या नावाचे पुनर्निर्देशन चालू ठेवणे आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत ठरावीक काळाने ग्रंथालयात जतन करणे, हे उपाय अल्प खर्चात करता येण्याजोगे आहेत.

जालन्याच्या निजामकालीन छावणीची माहिती अभ्यासकास आज मिळते, ती कोणीतरी गॅझेटिअरच्या प्रती सांभाळल्या म्हणून. एकविसाव्या शतकातील जालन्याची माहिती पुढील पिढीस मिळावयाची असेल, तर होस्टिंग खात्याचा संकेतशब्द व डोमेनची नोंदणी यांनाही संस्थेच्या दप्तरातील मूळ कागदपत्रांचा दर्जा द्यावा लागेल.